हिरवा दिवा

सोमवार, ११ मे
सकाळी पोलीस थाना झाडला. पोलिसांनी छातीवर लावायचे चार कॅमेरे चार्जिंगवर होते. भरेपर्यंत लाल दिवा, भरला की हिरवा. चारही हिरवे. शिपायांच्या हातात मीच दिले.
दुपारी फोन. भाऊ गणेश. शनवारा चौकात केळीची गाडी उभी केली म्हणून मारलं. हात मोडला. मारणारा आमच्याच थान्यातला. सकाळी कॅमेरा दिला त्यातलाच एक.


मंगळवार, १२
गणेश म्हणतो, "ताई, कॅमेरा होता त्याच्या छातीवर. मी त्याच्याकडे बघूनच बोलत होतो. म्हटलं सगळं दिसंल."
वेडा. मलाही वाटलं होतं, कॅमेरे आल्यावर हे लोक हात आवरतील. आवरले होते जरा, खोटं कशाला लिहू.
आता थान्यात म्हणतात रेकॉर्डिंगच नाही. चार्ज नव्हता.

बुधवार
थान्याची लिखापढी बघणाऱ्या मुन्शीजींनी बोलावलं, दार लोटलं. "मौसी, फरशी सुकवायला कूलर लावतेस, तेव्हा कॅमेऱ्याचा प्लग काढतेस ना?"
काढते. बोर्ड एकच. सुकली की परत लावते.
"बस, परत लावायचा राहिला, एवढंच चौकशीला येणाऱ्या साहेबांना सांग. गलती सबसे होती है."
नाही सांगितलं तर काय, ते बोलले नाहीत. नुसतं विचारलं, गणेश गाडी कोणत्या रस्त्याने नेतो. बाहेर आले.

गुरुवार
सोमवारी प्लग काढला होता. परत लावला. लावला ना? हिरवे होते. चारही. भीतीने माझंच मला खरं वाटेना.
नवरा म्हणतो, "सांगून टाक. हात जुळंल त्याचा, तुझी नोकरी नाही जुळणार."
गणेशकडे गेले नाही. काय तोंड घेऊन जाऊ?

शनिवार, १६. थान्यातून घरी येऊन लिहितेय
साहेब अकराला येणार. माझं बयान, म्हणजे जबाब, कॅमेऱ्यासमोर घेणार, ह्या चारातल्याच एकावर.
आज कूलर लावला नाही. फरशी ओलीच. मुन्शीजी घसरता घसरता वाचले. "मौसी, मारेगी क्या?" बोर्डाजवळ उभी राहिले, चारही हिरवे होईपर्यंत. प्रत्येकाला बोट लावून मोजले. आज कोणी म्हणायला नको, चार्ज नव्हता.
तोंडातून काय निघंल ते मलाच माहीत नाही.
साडेदहा झाले. निघते.