बोंडल्याची साखर

॥ श्री ॥

सिलीगुडी,
७ जानेवारी २०२४

ती. अंजनाअक्कास जयराजचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

दिवाळीत तू सगळ्यांदेखत म्हणालीस की महिन्याला एक पत्र आलं न्हाई तर आठवीपतूर गिरवलेलं अक्षरबी हा बंगालात सांडून येईल. दाजी हसले ते माझ्या ध्यानात हाय. म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस, भट्टीपाशी बसून बोटं जाड झाल्यात. मोबाईल दिवसभर शेठच्या पेटीत असतो. सोन्याचं काम, फोटोची भानगड नको म्हणून.

धनाजीशेठ आपल्याच विट्याकडचे. सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देतात. सहा वर्षांतलं हे माझं चौथं दुकान. शेठ परवा म्हणाले की तुझ्या पायाला भिंगरी हाय ते ऐकून होतो, पण ती हातालाबी हाय. मूस लाल व्हायच्या आधी तुझा चिमटा आत. खरं हाय ते.

सकाळी आभाळ मोकळं असलं की इथनं बर्फाचा डोंगर दिसतो. लोक लांबनं गाड्या करून बघायला येतात. मला त्यो दिसला की दंडोबाचा डोंगर आठवतो. तिथं बोरं खाऊन तुझा घसा बसला होता अन् झेंडावंदनाला तुझ्या जागी मला भाषणाला हुबं केलं. दोन ओळी म्हणून मी पळालो, त्यो अजून पळतोयच असं आई म्हणते.

आता ज्याच्यासाठी बसलोय ते. माझा शंभू मी दिवाळीत आणलेल्या बोंडल्यातनं पितोय न्हवं? दादांनी गुंटूरच्या भट्टीवरनं आणलेलं जुनं बोंडलं तुला आठवतंय? चोचीची ती चांदीची वाटी. तिच्या चोचीवर माझ्या पयल्या दातांच्या खुणा होत्या, आई येईल त्याला दावायची. गल्लीत कुणाकडं बाळ झालं की बोंडलं त्या घरी जायाचं, अन् परत येताना कवाच रिकामं यायचं न्हाई. मूठभर साखर घालूनच. ती साखर आपण चोचीला तोंड लावून ओढायचो. तू मोठी, म्हणून पयली तू. दादांच्या आजारपणात ते मोडलं. तवापास्नं मनात होतं, माझं लेकरू होईल तवा तसंच दुसरं घडवीन. ह्याच हातांनी घडवलंय अक्का. वाकडं हाय, पण माझं हाय.

गावी शेजारच्या भामाबाई तुला सुईवाली म्हणतात असं शंभूच्या आईनं, संयोगितानं, सांगितलं. रक्त घेताना लेकरांच्या बोटाला जपून टोच. माया हाय तेवढी ठेव, वाढवलीस तर हरकत न्हाई.

तुझा,
जयराज

॥ श्री ॥

सातारा,
२ फेब्रुवारी २०२४

चि. जयराज यास अंजनाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बोंडल्याइतकंच वाकडं आहे. दाजींनी दोनदा वाचलं आणि झेंडावंदनापाशी दोन्ही वेळा हसले.

रक्ताच्या तपासात काहीतरी निघालंय, एवढं संयोगिता तुला फोनवर बोललीच असेल. तुला नीट समजावं म्हणून लिहिते. घाबरून वाचू नकोस.

आमचं संशोधन असं आहे, की दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना वरचेवर ताप-जुलाब का होतात आणि त्यांच्या अंगात रक्त का राहत नाही ते शोधायचं. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतली गावं आहेत. आपलं गाव यादीत आलं म्हणून कवठे महांकाळकडं मलाच पाठवतात. लेकरू काय पितं, कशातून पितं, पाणी कुठलं, बापाचा धंदा काय, हे कागदावर भरायचं आणि बोटातून दोन थेंब रक्त घ्यायचं.

गावातल्या सगळ्या लेकरांत तिघांच्या रक्तात शिसं निघालं. तिघंही आपल्याच गल्लीतली. ते पाचाच्या आत लागतं. आपल्या शंभूचं सतरा, रुमानाच्या मुलीचं बारा, भामाबाईंच्या नातवाचं, साईराजचं, अकरा. आमच्या संशोधनाच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की शिसं लहान मेंदूला धरतं, रक्त बनू देत नाही, आणि बाहेरून काही दिसत नाही. मूळ सापडलं नाही तर आकडा चढत जाईल. आम्ही भिंतींचा रंग पाहिला, काजळ पाहिलं, गिरणीचं पीठ तपासलं. समोरचं घर तेच पाणी पितं, त्यांचं लेकरू साफ आहे. बापांचे धंदे पाहिले. रुमानाचा रिजवान शिंपी, साईराजचा बाप कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. तुझा गलाईचा धंदा त्यांनी विचारला, पण मी सांगितलं की तू दीड हजार मैलांवर आहेस, दिवाळीत आठ दिवस आला होतास तेवढंच. मग तो मुद्दा सोडला.

बाकी एक गंमत तुझ्यासाठी. तुझं बोंडलं जुन्या बोंडल्यासारखंच गल्लीचं झालंय. आठवडाभर आपल्याकडं, मग रुमानाकडं, मग भामाबाईंकडं, आणि साखर घालून परत. चोचीत जंतू राहतात म्हणून मी बायकांना चिंचेनं घासून, उकळून घ्यायला शिकवलंय. आता आरशासारखं चमकतं. दादा असते तर हातात धरून बसले असते.

गल्लीतल्या या तीनच घरांत वेगळं काय असेल, तुला काही आठवतंय का? आठवलं तर कळव. इकडची काळजी माझ्यावर सोड, तिकडची तू घे.

तुझी अक्का

सिलीगुडी,
११ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास नमस्कार.

काल तुझं पत्र हातात पडलं. शेठकडनं मोबाईल मागून घेतला अन् तुला एवढंच बोललो, की बोंडलं तिन्ही घरातनं आत्ताच्या आत्ता काढ. तू का म्हणून विचारलंस, अन् मी फोन ठेवून दिला. लिवून सांगतो.

आमी दुकानातला केर टाकत न्हाई. त्यात सोन्याचांदीचे कण असतात. त्यो शिशाबरोबर वितळवायचा, शिसं सगळे कण गोळा करतं. मग राखेच्या कुंडीत घालून तापवत ठेवायचं. शिसं हळूहळू राखेत मुरत जातं, चांदी वर राहते. शेवटचं शिसं गेलं की गोळ्यावर एकदम लख्ख चमक येते, झोपलेल्यानं डोळा उघडावा तशी. ती येईपतूर थांबायचं. सगळं काम थांबायचंच हाय.

दिवाळीला शेठनी एक कुंडी माझ्याफुडं सारली, म्हणाले ह्यातली चांदी तुझ्या लेकराला. रविवारची दुपार होती, संध्याकाळची गाडी. गोळा पिवळट दिसत होता. चमक आली न्हवती, अन् मी चिमटा घातला.

चोच ठोकताना बारीक चीर गेली. चांगली चांदी अशी चिरत न्हाई, हे मला ठाऊक हाय अक्का. सहा वर्षं तेच बघतोय. पण गाडीची येळ झालेली अन् बोंडलं अगदी दादांच्या बोंडल्यावानी दिसत होतं. मी चीर घासून बुजवली.

ह्याच्या आधी एक कागद लिवला होता. त्यात तुला म्हणालो होतो, की डॉक्टरीणबाईंना सांग बोंडलं बाजारातनं घेतलंय. मग वाटलं, त्या बाजारात हुडकत बसतील, अन् उद्या माझ्यासारखा दुसरा कुणीतरी गलाईवाला आपल्या लेकराला असलंच कायतरी घडवून नेईल. त्यो कागद भट्टीत घातला. हाच खरा.

संयोगिताला काय तोंड दावू ते कळंना. रुमानाच्या सासूनं मला ईदची खीर मांडीवर बसवून चारली. त्या घरात मी हे धाडलं. शंभूचं काय होईल तेवढं खरं खरं लिव, गोड करून लिवू नकोस.

लोभ असावा म्हणायला जीभ उचलत न्हाई. तरी मागतो.

जयराज

॥ श्री ॥

सातारा,
२४ फेब्रुवारी २०२४

चि. जयराज यास आशीर्वाद.

बोंडलं त्याच दिवशी तिन्ही घरांतून बंद झालं. मी ते स्वतः डॉक्टरीणबाईंकडं दिलं. चोचीचा तुकडा कापून तपासला. शिसं निघालं.

खरं लिही म्हणालास, तर घे. शिसं बंद झालं की शरीर ते हळूहळू सोडतं. लोहाचं औषध सुरू केलंय, दूध, नाचणी, अंडं द्यायला सांगितलंय. जूनमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं. मेंदूवर काही परिणाम झालाय का ते आज कुणीच सांगू शकत नाही. शंभू वेळेवर बसायला लागलाय, आवाज दिला की मान वळवतो. एवढंच माझ्या हातात आहे, तेवढंच तुला देते.

आता माझा वाटा. आंबट लागलं की शिसं सुटतं. चिंचेनं घासा असं मीच सांगितलं होतं. मोसंबीचा रस त्यातून पाजा असंही संयोगिताला मीच म्हणाले. आणि कागदावर चांदीचं भांडं असं लिहून पुढं गेले. चांदी म्हटल्यावर मी पुढं काही विचारलंच नाही. गलाईवाल्याची मुलगी आणि गलाईवाल्याची बहीण असून. तू एकटा रडत बसू नकोस, जागा दोघांना पुरेल एवढी आहे.

संयोगितानं तुझं पत्र स्वतः वाचलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, की दोन्ही घरांना त्यांनी त्यांच्या हातानं लिहावं, वन्संच्या आडून नको. ते झाल्याशिवाय ती फोनवर यायची नाही. तिचं बरोबर आहे.

आमच्या कागदावर आता नवा प्रश्न छापलाय: भांडं चांदीचं असेल तर ते कुणी घडवलं आणि चांदी कुणी गाळली. गलाईवाल्यांची घरं आपल्याकडं गावोगाव आहेत. तुझ्या शेजारच्या भट्ट्यांवर आटपाडीची, खानापूरची पोरं असतील, त्यांनाही सांग.

तू मागितलास तो लोभ कमी झालेला नाही. फक्त आज त्याला राग चिकटलाय.

अक्का

॥ श्री ॥

सातारा,
२३ जून २०२४

चि. जयराज यास अनेक आशीर्वाद.

आधी आकडे, मग गप्पा. शंभूचं सतराचं आठ झालं. रुमानाच्या मुलीचं सहा. साईराज पाचाच्या आत आला. आठ काय नि सहा काय, पाचाच्या वरच आहेत, म्हणून सप्टेंबरात पुन्हा बघायचं. पण उतार लागलाय, जयराज. शंभू भिंत धरून उभा राहतो आणि सोडून बघतो. थांबणं त्यालाही जमत नाही.

मार्चात तू धाडलेली दोन्ही पत्रं गल्लीत वाचली गेली. भामाबाईंनी सुनेकडून दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, की मुडद्यानं माझ्या नातवाला इख पाजलं ते पाजलं, पण माफीच्या कागदावर अक्षर तरी नीट काढायचं होतं. रुमाना मात्र महिनाभर बोलली नाही. तिचं दार लोटलेलं असायचं. मी नुसती बाहेर उभी राहून यायचे. या खेपेला रक्त द्यायच्या दिवशी ती आपणहून संयोगिताशेजारी येऊन बसली आणि शंभूला मांडीवर घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी बोंडलं परत दिलं. ते तुझ्याकडंच यावं असं सगळ्यांनी ठरवलं. शेठचा पुतण्या तिकडं निघालाय, त्याच्यासोबत धाडते. तर भामाबाई अडून बसल्या, की बोंडलं कवाच रिकामं परत गेलेलं नाही. मी म्हणाले खायची वस्तू त्यात एक कणही पडणार नाही. त्या म्हणाल्या, शाळा शिकलीस म्हणून रीत मोडायला निघालीस का. अर्धा तास आमची जुंपली होती. तेवढ्यात रुमाना घरात गेली आणि कागदात साखर बांधून घेऊन आली. पुडी बोंडल्यात घातली नाही. वेगळ्या पिशवीत ठेवली, आणि रिजवानच्या शिलाईच्या दोऱ्यानं त्या पिशवीचं तोंड बोंडल्याच्या पिशवीला बांधलं. म्हणाली, आता रिकामंही नाही आणि आतही नाही.

संयोगिता म्हणते, रविवारी फोन करा. वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

सिलीगुडी,
७ जुलै २०२४

ती. अंजनाअक्कास जयराजचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

दोन्ही पिशव्या पोचल्या. दोरा तुटला न्हवता.

रविवारी फोन केला. संयोगितानं आधी शंभूच्या तोंडाला मोबाईल लावला. त्यानं फोनला चावा घेतला म्हणं. पोराच्या दातांची खूण कशावर तरी उमटायचीच.

इथल्या तीन भट्ट्यांवर जाऊन सांगितलं. दोघं हसले. आटपाडीचा एकजण म्हणाला, की त्यानंबी लेकीला वाळे घडवून नेल्यात अन् ती सारखी तोंडात घालती. त्यानं तिथनंच घरी फोन लावला. आता मी भट्टीचे कपडे दुकानातच सोडतो, अंघोळ करून मगच खोलीवर. गणपतीला गावी येईन तवा ह्यातला एक कपडाबी पिशवीत नसंल.

काल बोंडलं कुंडीत घातलं. तुकडा कापलेली चोच आधी वाकली, मग सगळंच बसलं. शेठ मागं येऊन हुबे राहिले, चिमटा माझ्या हातात बघून कायतरी म्हणणार होते. मी चिमटा खाली ठेवला. गोळा पिवळट, मग धुरकट. दादा गुंटूरला असंच बसत असतील, असं पयल्यांदा वाटलं. लय येळ गेला. अन् मग चमक आली, अक्का. डोळा उघडल्यावानी.

त्या चांदीचं आता मी काय घडवणार न्हाई. शेठच्या पेटीत ठेवलीय.

मग बाहेर येऊन हात धुतले. दोनदा, साबण लावून, नखांतनंसुद्धा. रुमानाची पुडी सोडली. पयली चिमूट वेगळी काढली अन् ह्या पाकिटात घातलीय. तू मोठी, म्हणून पयली तू. दुसरी मी खाल्ली.

तुझ्या मायेचा,
जयराज