अंकुशचं बेलर

२८ सप्टें., रवि.
शेतावर जाऊन आले. गवत कमरेला लागतंय. नितीन म्हणतो, कापायचं कसंही करू, बांधणार कोण? पेंढ्या बांधायला येणाऱ्या बायका आता कंपनीच्या बसने चिकलठाण्याला जातात. बरोबरच करतात. तेव्हा बेलर, म्हणजे गवत उचलून त्याच्या गाठी वळणारं यंत्र. नवं झेपणारं नाही, जुनं बघायचं. गोल गाठी बांधणारं, कारण चौकोनी गाठींचं धूड आपल्या ट्रॅक्टरला ओढवणार नाही. जमीन दोघा भावंडांची, गाई त्याच्या, मशीन निम्मं निम्मं. माझी अट एकच : गवतावर चालवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.
नि. हसला. "आक्का, तू भेंडीसुद्धा मोडून बघतीस."
बघते. त्यात काय.

३० सप्टें., मंगळ.
कॉलेज सुटल्यावर जालना रोडला, जुनी यंत्रं विकणाऱ्याकडे. रंग इतका ताजा की बोटाला लागला. मागच्या दाराच्या बिजागरीजवळ रंगाखाली वेल्डिंगची जाड शिवण. चालवून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, ही काय स्कूटी आहे का, चौकापर्यंत चक्कर मारून आणायला?" त्याची पोरं हसली. घरी येईपर्यंत उत्तरं सुचत राहिली. एकही चांगलं नव्हतं.

५ ऑक्टो., रवि.
नि.ने एक शोधलंय. लासूर स्टेशनच्या अलीकडे, वस्तीवर. मालक अंकुश, स्वतःच भाड्याने फिरवायचा. गेल्या हंगामात त्याचा उजवा हात त्यात गेला, कोपरापासून. तेव्हापासून मशीन उभं. हे सगळं नि.ने गाडीत शेंगा खात सांगितलं. "म्हणूनच स्वस्तात निघंल. त्या भागात कुणी हात लावत नाय त्याला." मग आपण काय बोललो ते कळून स्वतःच हसला.
मीही हसले. लिहून ठेवते.

त्याच्या अंगणात खंडेनवमीचं कुंकू अजून ताजं. नांगर, विळे, फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, सगळ्यांना लावलेलं. बेलर तेवढं कोरडं, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून.

बोलणं सगळं त्याच्या बायकोने केलं. संगीता. तिशीची असेल. अंकुश ओट्यावर बसून होता, शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. नि.ने विचारलं, मशीनमध्ये काही दोष? ती म्हणाली, "मशीनमध्ये खोट नाय दादा. खोट ह्यांच्यात हाय. चालू मशीनमध्ये हात घातला. येड्याला कळतं ते ह्यांना कळंना."
त्याच्यासमोर. त्याच्याकडे बोट करून.
तो म्हणाला, "व्हय. माझीच चूक." पुष्कळदा म्हटलेलं असावं. कुठेही अडखळला नाही.

गवत उचलणाऱ्या पुढच्या दात्यांवरची लोखंडी जाळी नव्हती. गॅसने कापून काढलेली. अंकुश म्हणाला, इकडं सगळेच कापतात. गवत अडकलं की दर वेळी नट कोण खोलत बसणार, शेतकरी बांधावर उभा राहून बोंबलत असतो.
मग मी विचारलं, हात नेमका कुठे गेला?
तो उठला. डावा हात दाते आणि रोलर यांच्यामधल्या फटीवर धरून दाखवला. नि. म्हणाला, जरा बाजूला हो, रोलरचा फोटो घ्यायचाय. तो बाजूला झाला.

६ ऑक्टो., सोम.
तो प्रश्न विचारायची गरज होती का? यंत्र घ्यायचं तर धोका कुठे ते कळायला हवं, हे खरं. पण जाळी नाही हे दिसत होतंच. मग मला काय बघायचं होतं? नि. निदान उघड निर्दय आहे. मी चौकशीच्या नावाखाली.
अकरावीच्या तासाला दोनदा तीच ओळ फळ्यावर लिहिली. मुलींनी दाखवून दिलं.

१२ ऑक्टो., रवि.
चाचणी. त्यांच्याच तुकड्यात, वाळलेल्या गवतावर, आपल्या ट्रॅक्टरने. पहिली गाठ सुरेख पडली. संगीता खूश, चहा ठेवायला घरात गेली. दुसरी गाठ निम्मी होते न होते तोच उजव्या बाजूला गवताचा बोळा झाला आणि रोलर थांबला. पूर्ण थांबला. नि. ट्रॅक्टर चालूच ठेवून खाली उतरला. मी बंद कर म्हणत होते. त्याने बांधावरची तुरकाठी उचलून बोळ्यात खुपसली. काहीच झालं नाही. आणखी खुपसली. आणि रोलरने आपण होऊन झटका मारला, काठी त्याच्या मुठीतून ओढून आत घेतली. आत ती मोडल्याचा आवाज आला. नि.चा तळवा सोलला.
रोलर परत थांबला, जणू काही झालंच नाही.
अंकुश माझ्याशेजारी उभा होता. "असंच," म्हणाला.
म्हणजे त्याने चालू मशीनमध्ये हात घातला नव्हता. थांबलेल्यात घातला होता.

मी म्हटलं, मग बायको तसं का सांगते? तो घराकडे बघत राहिला. म्हणाला, "मीच सांगितलंय तिला तसं. तिला खोटं बोलता येत नाय मॅडम. खरं वाटतंय म्हणूनच ती एवढं ठासून सांगती. मशीन विकून जाऊ द्या एकदा."
तेवढ्यात ती चहा घेऊन आली. कसं चाललंय? तो म्हणाला, मस्त. तिने माझ्याकडे बघितलं. मी कप घेतला.

निघताना नि.ने त्याला बाजूला घेतलं. मी ऐकण्याइतकी जवळ होते. "अडकतं तुझं मशीन. वर हात खाल्लेलं. तुझ्या घरात त्याला कुंकू लागंना, दुसरा कोण घेणार?" अंकुश एवढंच म्हणाला, की हळू बोला, ती ऐकंल. ती ऐकेल म्हटल्यावर नि.ने आवाज थोडा चढवला. मग थोडा आणखी. अंकुशने मान डोलावली.
काय भाव ठरला ते इथे लिहीत नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.
ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला फोनवर सांगितलं. त्याच्या मते रोलर फिरवणारी चेन आणि तिचं चक्र झिजलंय. चेन घसरते, मग एकदम पकडते. बदलून मिळेल, जाळीही बसेल, वेळ लागेल.
नि.ला म्हटलं, घेऊ नये असं वाटतं. तो म्हणाला, "नको घेऊ. मग त्याच्या घरात काय जाणार, तुझी दया?"
घेतलं नाही तर त्याने स्वतःवर घेतलेलं खोटं फुकट जाणार. घेतलं तर ते कायमचं होणार. माझा होकार कुणी मागितला नाही. मी नकार दिला नाही. माझा निम्मा भाग आज दिला.

१९ ऑक्टो., रवि.
मशीन आलं. नि.ने नारळ फोडला, कुंकू लावलं, हार घातला. आजूबाजूचे पाच-सहा जण आले होते, भाड्याने मिळेल का विचारायला. एकाने विचारलंच, हे अंकुशचं ना? नि. म्हणाला, मशीन एक नंबर आहे, तो अंकुशच येडा, चालू मशीनमध्ये कोणी हात घालतं का. सगळे हसले. एकजण म्हणाला, चहाच्या ऐवजी दुसरं काहीतरी घेऊन बसला असंल गडी.
नि.ला गोठ्यामागे गाठलं. गेल्या रविवारी तूच म्हणालास ना, मशीन खराब आहे?
"तेव्हा घ्यायचं होतं आक्का. आता चालवायचंय."
चेन? दिवाळीनंतर. जाळी? दिवाळीनंतर.

२३ ऑक्टो., भाऊबीज
नि. बायकोला घेऊन गारखेड्याला माझ्या घरी आला. ओवाळलं. तळव्यावरची खपली अजून निघालेली नाही. साडी आणली होती, चांगल्यातली. मी म्हटलं, साडी राहू दे, ओवाळणीत जाळी बसवून दे. तो खळखळून हसला. त्याची बायको म्हणाली, काय पण मागतात आमच्या वन्सं. मी गंभीर आहे म्हटल्यावर तो उखडला. सणाच्या दिवशी तोंडात तेच का? मशीन त्याने उद्यापासूनच भाड्याला लावलंय, एका मुकादमाच्या गड्याला चालवायला देऊन. त्या गड्याला अडकण्याचं सांगितलंस का? म्हणाला, सांगितलं तर तो बसेल का त्याच्यावर?
ताट हातातच होतं. मी ते आत नेऊन ठेवलं. साडी घेतली.

२४ ऑक्टो., शुक्र.
मीच जाळी बनवायला टाकली, ओळखीच्या वेल्डरकडे. मापं फोटोवरून. त्याने सोमवार सांगितलाय.
त्या गड्याचा नंबर नि. देत नाही. नावही नाही. मशीन आज कुठल्या शेतात आहे तेही नाही.

२६ ऑक्टो., रवि.
दुपारी संगीताचा फोन. लासूरच्या बाजारात तिने ऐकलं, मशीन आमच्याकडेही अडकतं. गड्याने दोनदा काठीने सोडवलं म्हणे. (काठीने. देवाची कृपा.) आधी ती इकडचं-तिकडचं बोलली, दिवाळी कशी झाली, गाई कशा आहेत. मग :
"ताई, तुम्ही शिकलेल्या. त्या दिवशी तुम्ही हुभ्या होत्या तिथं. मला खरं सांगा. चूक ह्यांची होती का मशीनची?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "मी ह्यांना लई बोलले हो. माहेरी बोलले, दवाखान्यात बोलले. लेकरांनासुद्धा सांगितलं, बापासारखं येडं होऊ नका."

मशीन गेल्यावर गप्प राहा, असं अंकुश म्हणाला नव्हता. बोला, असंही नाही. हे मी तेवढ्या क्षणात तपासून पाहिलं, करारातली कलमं बघावीत तसं.
म्हणाले, "नीट बघून सांगते."
बघायचं काय राहिलं होतं?
"बरं," म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मीही नाही. तिकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग लांबून अंकुशचा, कुणाचा फोन हाय गं?
"कुणाचा नाय," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.