टाकी फुल

१० फेब्रु., मंगळवार
तोच ट्रक तिसऱ्यांदा आला. रायपूरहून परत येताना साकोलीच्या आसपास दम सोडतो, मग बंद. आमच्या वर्कशॉपमध्ये मात्र सुरळीत. स्कॅनरवर डिझेलचं प्रेशर हवं तेवढं. फिल्टर दोनदा बदलून झालाय.
वानखेडे काका, आमचे हेड मिस्त्री, म्हणाले डिझेल पंप गेला. आणि गेला भेसळीने. म्हणजे ड्रायव्हरने वाटेत डिझेल विकून रॉकेल ओतलं. ड्रायव्हर देवरावभाऊ तिथेच उभे. "म्या असं काहून करीन गा?" एवढंच बोलले. ट्रकमालक म्हणाला, तसा रिपोर्ट द्या, याला घरी पाठवतो.
तपासणी माझ्याकडे, म्हणून रिपोर्टवर सही माझी लागते. केली नाही.
काका : "सहा महिने नाही झाले यायले, न् पंपाची वकिली करून राहिली!"
पंपाची नाही, म्हटलं.

११ फेब्रु.
टाकी ते फिल्टर या नळीत मधे पारदर्शक तुकडा जोडला. हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसतील. दोन तास इंजिन चालवलं. एक बुडबुडा नाही. मागून कोणीतरी, "मॅडम, गाडीले सलाईन लावली का?" मलाही हसू आलं. रडू घरी येऊन.
आई म्हणाली, "करून टाक वं सही. आपल्याले काय करायचं?" बाबा लकडगंजात लाकडं वाहतात. ते जेवता जेवता म्हणाले, "या घरात पहिल्यांदा कोणाची सही मागून राहिले लोक. पाहूनच देजो."

१२ फेब्रु.
देवरावभाऊंना नीट विचारलं. जाताना कधीच बंद पडत नाही, येतानाच.
"माल जास्त असतो म्हणून?"
"नाही जी. एकडाव रिकामी आणली, तरी पडली."
"आणि इथे आणता तेव्हा?"
"टाकी फुल करून. मालकाचा नियम हाय. गॅरेजवाल्यानं डिझेल काढलं तर समजलं पाह्यजे."
तिन्ही वेळा आम्ही भरलेल्या टाकीवर तपासलं! आणि गाडी बंद पडते ती परतीला, अर्धी टाकी संपल्यावर. हे आधी का नाही विचारलं? कारण आम्ही सगळे स्कॅनरकडेच बघत होतो. मीसुद्धा.

१३ फेब्रु.
डिझेल ड्रममध्ये काढायला मालकाची परवानगी घेतली. फोनवर म्हणाला, "आता मॅडम पण काढणार काय?" काकांसमोर, देवरावभाऊंसमोर काढलं. टाकी अर्ध्याच्या खाली आणली, इंजिन लावलं. पाच मिनिटं काहीच नाही. रेस दिली. नळीत फेस! प्रेशर घसरत गेलं, इंजिन बंद.
टाकीतला डिझेल ओढायचा पाइप बाहेर काढला. मधोमध केसाएवढी चीर. वर डिझेल असलं की बुडलेली, पातळी खाली गेली की हवा ओढते. पंप ठणठणीत.
काका कितीतरी वेळ त्या चिरेवरून अंगठा फिरवत होते. "टाकी उपसून पाहाचं सुचलंच नाही मले." हे मला म्हणाले की पाइपला, कळलं नाही.

१४ फेब्रु., शनिवार
नवा पाइप बसवला. अर्ध्या टाकीवर ट्रक तासभर चालवला, एकही बुडबुडा नाही. मालक म्हणतो, गाडी झाली ना, पण नवा ड्रायव्हर ठरला आता.
रिपोर्ट लिहिला. पाइपला चीर. डिझेलमध्ये दोष आढळला नाही. ड्रायव्हरची चूक नाही.
शेवटचं वाक्य काढा, आमचे मॅनेजर म्हणाले, रिपोर्टमध्ये माणसं नसतात. मंगळवारी चारचौघांत आरोप केला तेव्हा माणूस होताच की. नाही काढलं. सोमवारी केबिनमध्ये बोलावलंय.
काका हळूच, "तुह्या जागी मी असतो तं काढलं असतं." आणि मग, "तू नको काढू."
सही करून एक प्रत देवरावभाऊंच्या हातात दिली. मालकाचं ऑफिस समोरच्या रांगेत आहे. प्रत घेऊन ते साडेचारला आत गेले. मी टपरीवर बसून हे लिहितेय. मॅनेजरचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही.
सव्वापाच. देवरावभाऊ अजून आतच. आतून मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज येतोय, आणि त्यातला एक आवाज त्यांचा आहे.