एकसष्टचा हात

४ मे

पोचले एकदाची! प्राचिनबुरी शहरापासून आत, डोंगराच्या कुशीत आमचं केंद्र आहे. खोली लहानशी, पण खिडकीसमोर फणस आहे आणि पंखा चक्क चालतो. आईनं दिलेला चिकट भात मी बसमध्येच फस्त केला. माकडांची देखभाल करायला जातेय म्हटल्यावर गावात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. लस माणसाला टोचण्याआधी इथे माकडांना टोचतात ना, म्हणून. मी म्हटलं, मग काय तापानं पोरं मरू द्यायची? फाटकाजवळच्या भूदेवतेच्या देव्हाऱ्यापुढे नैवेद्याची लाल सरबताची बाटली ठेवून कामाला लागले.

मला शिकवणार आहे ती लमाईमावशी. पन्नाशीची, बुटकी, गोड बोलणारी. तिची खोली माझ्या शेजारीच आहे. आल्या आल्या तिनं मला घरच्या नावानं, मोत म्हणून हाक मारली. आवडली मला.

९ मे

इथे माकडांना आवळून धरत नाहीत. त्यांना शिकवतात. पिंजऱ्याला गोल भोक आहे. मावशी टाळूला जीभ लावून टॉक असा आवाज करते, की माकड भोकातून हात बाहेर काढतं, तळवा वर करून. सुई टोचून झाली की केळं. शाळेतल्या शहाण्या पोरांसारखी एकेक हात देतात! मी तस्साच आवाज केला. बाकीच्यांनी दिला हात, पण एकसष्ट नंबरच्या माकडिणीनं माझ्याकडे सरळ पाठ केली.

नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे. नाव ठेवलं की जीव जडतो म्हणे.

२१ मे

रोज तिला मी केळं देते, पपई देते. बाईसाहेब खातात आणि पाठ फिरवतात. मावशी आली की हीच बया जाळीला चिकटून तिचे केस विंचरत बसते. मावशी हसून म्हणाली, लाडकी आहे गं माझी, तू मनाला लावून घेऊ नकोस.

का नको लावून घेऊ? एवढ्या दिवसांत कुणी एकदा तरी माझ्याकडे यावं की नाही? मावशीचं ते हसू बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

२ जून

आज मावशीचं आणि केंद्राच्या डॉक्टर कृतांचं वाजलं. एकसष्टच्या गटाला शेवटचा डोस द्यायचाय. त्यानंतर त्यांना मारून आतले अवयव तपासतात. मावशीनं साफ नाही म्हटलं.

"माझ्यावर भरवसा आहे म्हणून ती हात देते, डॉक्टर. त्याच भरवशावर तिला मारू?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पोरांच्या वॉर्डात येऊन हे त्यांच्या आयांना सांगाल?"

"सांगेन. त्या आया निदान तुम्हाला नाही म्हणू शकतात. एकसष्टला विचारलंय कुणी?"

एकसष्ट दुसऱ्या कुणाला हात देत नाही, आणि जबरदस्ती केली तर ती घाबरते, मग तपासणीचे आकडे चुकतात. शेवटी डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, हिला वगळू, म्हाताऱ्या माकडांच्या मोकळ्या आवारात सोडू.

मावशी रडली. आता रोज संध्याकाळी त्या आवारात दोघी एकमेकींचे केस विंचरत बसणार, आणि मी लांबून बघणार.

४ जून

दिला! एकसष्टनं मला हात दिला! डॉक्टरांच्या देखत!

मावशी बाजाराला गेली होती. दोरीवरचा तिचा सदरा मी अंगात घातला होता, माझा ओला होता म्हणून. तेवढ्यावरून कुणी काही बोलू नये. माकडाला माणूस कळतो, सदरा नाही. डॉक्टर म्हणाले, मग वगळायचं कारण उरलं नाही. मी म्हटलं, मी देईन डोस.

११ जून

दिला डोस. तिनं तळवा वर केला, माझ्या अंगावरच्या सदऱ्याचा वास घेतला, मग वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. हात मागे घेऊ लागली. मी धरून ठेवला.

मावशी माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

१५ जून

परवा मारलेल्या एकसष्टच्या गटासाठी आज भिक्षू आले होते. मंत्र चालू असताना आम्ही सगळ्यांनी वाटीत पाण्याची धार धरली. हे पुण्य तुम्हाला पोचो, आम्हाला क्षमा करा, आता मोकळे व्हा, असं मनात म्हणायचं असतं. मावशीचे ओठ थरथरत होते. ती एकसष्टलाच निरोप देत होती, दिसत होतं ना.

मी पाणी सोडलं, पण म्हटलं वेगळंच. म्हटलं, जाऊ नकोस. माझ्याकडे ये. तिच्याकडे नको.

१८ जून

दुपारी सगळे आडवे झाले होते. खिडकीच्या गजांतून एक बारीक हात आत आला. तळवा वर. कोपरापाशी सुईसाठी केस भादरलेले.

मी घाबरले नाही, उलट हसू फुटलं मला. माझ्याकडे आली! मी तो हात धरला. ओल्या फडक्यासारखा गार होता.

२० जून

आज तिनं माझा हात बाहेर ओढला. बराच वेळ सोडला नाही. आत घेतला तर कोपराच्या खोबणीत टोचल्याची खूण. आणि ताप.

मावशी पेज घेऊन आली. खूण पाहून तिचा चेहरा उतरला. हळूच विचारलं, ती येते का गं तुझ्याकडे? मी नाही म्हटलं. का सांगू? सांगितलं असतं तर मावशीच येऊन बसली असती खिडकीत.

म्हणाली, मोत, पुन्हा पाणी सोड, जाऊ दे तिला. मी तोंड फिरवलं.

२२ जून

उजवा हात उचलवत नाही. डाव्यानं लिहितेय. खुणा दंडापर्यंत. ताप — डॉक्टर रक्त घेऊन गेले, काही सापडत नाही म्हणतात. खिडकी लावून घेतलीय. ती बाहेर टॉक करते. मावशीसारखंच — तिनं आवाज केला की माझा हात आपोआप —

मी उशीखाली दाबून धरला.

२३ जून

पुरे. मरायचं नाही मला. दार, खिडकी, सगळं बंद. आज उघडणार नाही — काही झालं तरी.

टॉक.

नाही.

थांबलं. गजांवरून उतरली वाटतं. गेली — सुटले बाई —

पावलं मावशीच्या खोलीकडे जातायत.

मावशीची खिडकी उघडल्याचा आवाज. मावशी रडतेय. म्हणतेय — आलीस का गं बाळा. पुण्य घे, क्षमा कर आणि जा हो आता —

तिच्याशी कशी लाडानं कुरकुरतेय. माझ्यापाशी कधी —

नाही. तिच्याकडे नाही. मी बोलावलंय हिला, मी.

मी खिडकी उघडली. उजवा हात डाव्यानं ढकलून बाहेर काढलाय, तळवा वर. एकसष्ट, इकडे — अगं, इकडे बघ —

मागे वळली. येतेय. माझ्याकडे ये —