माही काळी चार

६ फेब्रु. ५८. पांढरकवडा.
जत्रेचा ठेकेदार तंबूत आला. म्हणे, "बाई, नाटक कंपनी तुमची, कबूल. पण नातवंडांची आजी राणी बनून गायले लागली तं पब्लिक हासन. जवान राणी आणा, नाहीतं मैदान टुरिंग टाकीजले देतो."
म्हणलं, राणी गळ्यानं होते, गालानं नाही. एक खेळ पाहा, मंग तोंड उघडा.
त्यानं एक खेळ देल्ला.

७ फेब्रु.
सून शेवंता सखीचं काम करते. आज माहा मुकुट घालून बसली. "आत्याबाई, शोभते का?"
"डोक्यावर शोभते वं. गळ्याचं काय?"
रुसली. गाते गोड, पण वरचा सा आला की चपला सोडून पळते.
दामू पेटीवाला माह्या खोकल्यानं घाबरला. "बाई, एक पट्टी खाली घेऊ." खाली सोडायले मी काय विहिरीतली बादली? माही पट्टी काळी चार म्हणजे काळी चार.

९ फेब्रु.
काल खेळ झाला. नारळ फुटला, नांदी झाली, पडदा वर. पह्यलं पद उचललं आन् समजलं, दामूनं न सांगता काळी तीन धरली. दया करून राह्यला! गाणं घोंगडीत गुंडाळल्यावानी. मी थांबली. भर रंगमंचावर, मुकुटासकट:
"काहून रे दामू, राणी मेली का? माही पट्टी दे!"
दामूनं काळी चार देल्ली. मंग जे गायली... वरच्या सा वर उभी राह्यली ते उतरलीच नाही. मागचे लोक बाकड्यावर चढले. वन्स मोअर, वन्स मोअर. एक पागोटेवाला वरडला, "मायबाई, दामूले बोलल्या तेही पुन्हा!"
तेही पुन्हा केलं.
ठेकेदार सकाळी आला, "पुरी जत्रा तुमची. पण ते दामूचं रोज पाहिजे."

१० फेब्रु.
दामू रुसून बसला. म्हणे, "तुमच्या गळ्यासाठीच केलं." गळ्याले विचारलं होतं का? तरी माह्या हातचा पानाचा विडा देल्ला. खाल्ला. गाल फुगलेलाच.

१४ फेब्रु.
रोज तंबू फुल. राजूरच्या खाणीतले लोक ट्रक भरून आले. फुलसावंगीच्या जत्रेचं बोलावणं आलं, राणी हेच पाहिजे म्हणते.
सकाळपासून आवाजात खरखर. कोणाले सांगतलं नाही, पण शेवंता ज्येष्ठमध घेऊन आली. "मी उभी राहू का आज?" ह्या वेळी नखरा नव्हता. म्हणलं, राणीचे पदं पाठ कर, सखीच्याच लुगड्यात राह्य.
तिसरी घंटा झाली. बाहेर पाय ठेवायले जागा नाही. दामू पेटी उघडून विचारते, "बाई, कोणती पट्टी?"
तोंडात ज्येष्ठमध हाये. गिळून सांगते.