कडक प्रायमर

३ ऑक्टोबर
ठरलं. यंदाचा एल्क, ते घोड्याएवढं डोंगरी हरीण, मी मारणार. स्वतः भरलेल्या काडतुसाने. गेला हिवाळाभर या घरात मेहुण्याने मारलेल्या एल्कचं मांस शिजलं. आणि दर घासाला बायको, अर्डिस, म्हणायची, गेलनने किती सुरेख मारला ना, एकाच गोळीत. मी चावत राहिलो. माणूस बायकोच्या भावाचं किती खाणार? यंदा फ्रीझरमध्ये त्याचा तुकडाही येणार नाही. रक्त सांडेल ते माझ्या हातून.

५ ऑक्टोबर
गेलन आला होता. न विचारता उपदेश केला. म्हणाला, ओर्विल, तुझ्या वडिलांच्या रायफलीची स्प्रिंग थकलीय, पिनचा घाव हलका पडतो, तेव्हा प्रायमर साधे मऊ घे, नाहीतर चाप ओढशील आणि नुसतं खट्ट होईल. प्रायमर म्हणजे टिकलीएवढी पितळी वाटी. काडतुसाच्या बुडात बसते, घाव पडला की पेटते आणि आतल्या दारूला पेटवते. एवढ्याशा गोष्टीवर त्याने अर्धा केक संपेपर्यंत भाषण दिलं. माझी स्प्रिंग थकलेली नाही. थकलाय तो. गुडघे बघा त्याचे.

८ ऑक्टोबर
बोझमनला शिकारीच्या दुकानात गेलो. सगळीकडे प्रायमरची टंचाई. दुकानात साध्या प्रायमरचा एकच डबा. त्यावर माझा आणि एका दाढीवाल्याचा हात एकदमच पडला. मी त्याला सभ्य शब्दांत समजावलं. त्याने माझ्या नाकावर समजावलं. मग मी त्याच्या पोटात गुडघा घातला, त्याने माझं डोकं मासेमारीच्या गळांच्या फळीवर आपटलं, फळी पडली, आम्ही दोघं गळांवर पडलो. दुकानदाराने आम्हाला सोडवलं. आधी एकमेकांपासून, मग गळांपासून. डबा दाढीवाला घेऊन गेला.

माझ्यासाठी उरले ते लष्करी प्रायमर, जाड पत्र्याचे, कडक. दुकानदार म्हणाला, हे कोणी नेत नाही, जुन्या रायफलीत पेटतील याची खात्री नाही. मी नेले. मला पहिल्यापासून कडकच हवे होते. कडक माणसाला कडक प्रायमर. शर्टभर रक्त. बहुतेक माझंच.

१२ ऑक्टोबर
दिवसभर तळघरात काडतुसं भरली. काडतूस दाबून भरायच्या प्रेसच्या दांड्यात अंगठा सापडला. प्रेसला लाथ घातली. प्रेस लोखंडाची आहे. आता अंगठा आणि पायाचं बोट, दोन्ही काळीनिळी. अर्डिस जिन्यावरून म्हणाली, हरणं अजून डोंगरावरच आहेत ना? तिला यातलं काही कळत नाही.

१५ ऑक्टोबर
खडीच्या खाणीत चाचणी. गेलनचा ट्रक मागून नेला. जुनं वॉशिंग मशीन उभं केलं आणि मनात त्याला शिंगं लावली. वाऱ्याचा अंदाज घ्यायला निशाण हवं होतं. ट्रकच्या सीटखाली भडक नारिंगी कापड सापडलं. ते फाडून काठ्यांना बांधलं. गेलन ते शिंगांना बांधायला ठेवतो, मुंडकं पाठीवर घेऊन उतरताना, कोणा मूर्खाने एल्क समजून गोळी घालू नये म्हणून. या भागात असे मूर्ख नाहीत. तो फार भित्रा आहे.

निकाल उत्तम. मशीनची चाळण झाली. काही काडतुसं पहिल्या घावाला पेटली नाहीत, पण काडतूस आतच ठेवून रायफलीच्या बोल्टची मूठ उचलून स्प्रिंग पुन्हा ताणली आणि चाप ओढला की पेटायची. म्हणजे पहिला घाव प्रायमरला जागं करतो, दुसरा पेटवतो. हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी शोधलं. रायफलीवरची दुर्बीण धक्क्याने मागे येऊन भुवईवर बसली, तीन टाके.

१८ ऑक्टोबर
गेलनला माझा शोध सांगितला. तो पांढरा पडला. म्हणाला, खट्ट झालं की नळी मातीकडे धरून तीसपर्यंत मोजायचं, प्रायमर उशिराही पेटतो. पुन्हा चाप ओढायचा नाही, अरे निदान समोर काय आहे ते तरी बघायचं. आणि थंडीत बोल्टमधलं तेल पुसून काढ, घट्ट होतं. मी घरी येऊन दुप्पट तेल घातलं. थंडीत सांधे आखडतात तेव्हा आपण तेल लावतो की पुसतो?

२६ ऑक्टोबर
हंगामाचा पहिला दिवस. कडाक्याची थंडी. ओढ्याकाठी दबा धरून बसलो. उजाडता उजाडता नर समोर आला. घोड्याएवढा. आडवा उभा. बरगडीवर नेम धरला. खट्ट. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा ताणेपर्यंत तो पलीकडच्या काठावर. दुसऱ्या घावाला गोळी सुटली, पाइनच्या झाडात घुसली. मग रागाच्या भरात उरलेली चार त्याच झाडात घातली. झाड दोषी नव्हतं, पण हात थांबेना.

चूक हाताच्या वेगाची. प्रायमर निर्दोष. खट्ट झालं की क्षणात दुसरा घाव. रोज सराव करायचा.

२९ ऑक्टोबर
सराव. स्वयंपाकघरात रिकाम्या रायफलीने. खट्ट-ताण-खट्ट. आता मला मध्ये विचार करावा लागत नाही. अर्डिस म्हणाली, तेच तर म्हणतेय मी.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
आज विशेष काही नाही.

सकाळी डोंगराच्या वरच्या धारेवरून एकच गोळी ऐकू आली. एकच. म्हणजे गेलन. कानशिलं तापली. वाटलं, त्याची रायफल त्याच्याच गुडघ्यावर मोडावी. दुपारनंतर ओढ्यापलीकडच्या झुडपांत शिंगं हलली. रुंद, वर टोकांना रक्त लागलेलं. वाटलं, नुकताच झुंजून आलाय, सोडायचा नाही याला. शिंगांच्या खाली वीतभर नेम धरला. चाप ओढला. खट्ट.

मग झुडपांतून गेलन बाहेर आला. पाठीवर मुंडकं, त्यावर शिंगं. अंगातलं नारिंगी जाकीट छातीपर्यंत झाडोऱ्यात बुडालेलं, त्याला मी काय करणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि बर्फात बसला. मग म्हणाला, सकाळपासून ते कापड शोधतोय, ट्रकमध्ये नाही.

मी त्याला सांगितलं की मी वेळीच ओळखलं होतं, म्हणूनच थांबलो.

३ नोव्हेंबर
शांतपणे विचार करता, प्रायमरची निवड अचूक ठरली. मऊ घेतला असता तर? मेहुण्याचं ऐकलं असतं तर मेहुणा गेला असता. हे त्याला कधीतरी समजावून सांगायला हवं. इतक्यात नको.

५ नोव्हेंबर
झोप नाही. अंगठ्यामुळे.

त्या दिवशीचं काडतूस टेबलावर आहे. प्रायमरवर पिनचे खड्डे दोन. एकाशेजारी एक.

खट्ट-ताण-खट्ट. मला आठवत नाही. हाताला आठवतं.

बहुधा दारू दमट झाली असेल. तळघरात ओल आहे. असं काडतूस कितीही वेळा मारलं तरी पेटलं नसतं. म्हणजे धोका असा नव्हताच. हे पटतंय. आज झोपेन.

९ नोव्हेंबर
दुपारी गेलन आला. हातात त्याची रायफल, माझ्याच मापाची काडतुसं घेणारी. म्हणाला, ते काडतूस घे, खाणीत जाऊ. वाटेत मी बोललो. दमट दारूबद्दल बरंच बोललो.

खाणीत त्याने वॉशिंग मशीनवर कागद लावला. काठ्यांवर नारिंगी चिंध्या अजून फडफडत होत्या. त्या त्याने एकेक सोडवून खिशात घातल्या. काडतूस हातावर घेतलं, बूड उजेडाकडे धरलं. दोन खड्डे मोजायला एवढा वेळ लागत नाही. म्हणाला, मी दोन्ही घाव ऐकले होते, वाटलं होतं दुसरा कानात घुमला.

मी म्हटलं, दमट आहे ते, पेटणार नाही.

त्याने आपल्या रायफलीत घातलं, चाप ओढला. पहिल्या घावाला पेटलं. इतकं स्वच्छ माझं एकही काडतूस आजवर उडालं नव्हतं. तो चालत जाऊन कागद घेऊन आला. भोक बरोबर मधोमध. घडी करून मला दिला. म्हणाला, काडतूस चांगलं भरलंयस, ओर्विल.

मला उलटी झाली. त्याने पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

घरी अर्डिसने माझ्या खिशातून कागद काढला. कोणाची गोळी विचारलं. मी काही बोलायच्या आत गेलन म्हणाला, ओर्विलने भरलेली. तिला इतका आनंद झाला. म्हणाली, बघ, चिकाटी सोडली नाहीस तर जमलं ना शेवटी. कागद फ्रीझरच्या दारावर चुंबकाने लावला. आत गेलनचा एल्क आहे. रात्री तोच शिजवला. गेलनची खुर्ची नेमकी त्या दारासमोर येते. मी जागा बदलूया म्हटलं, तो नको म्हणाला.

वाढता वाढता अर्डिस त्याला म्हणाली, तू नीट बघितलंस का रे, अगदी मधोमध आहे.

गेलन म्हणाला, बघितलं.