अकरा शब्दांचं पान

प्रिय महिपती,

लोणी काळभोरला मुलाकडे जाऊन तू शेतकरी झालास म्हणे. वांग्याच्या चार रोपांना पाणी घालणारा शेतकरी असेल, तर मी चाळीस वर्षं कारखानदारच आहे. दोन महिने झाले, तू एकही पुस्तक मागितलेलं नाहीस. अप्पा बळवंत चौकात माझ्या बाइंडिंगच्या टेबलाशी बसून गिऱ्हाइकांची पुस्तकं त्यांच्याआधी वाचून काढणारा तू. मला काही करमेना, म्हणून परवा ई-रीडर बघायला गेलो.

दुकानात ऋतुजा नावाची फार नम्र मुलगी होती. तिनं दोन यंत्रं पुढ्यात ठेवली. आता नवं पुस्तक हातात आलं की मी काय करतो, ते तुला ठाऊक आहे. मधोमध धरून मागे वाकवायचं आणि शिवण कुरकुरते का ते ऐकायचं. पहिलं यंत्र मी तसंच धरलं. ऋतुजानं ते अलगद काढून घेतलं आणि नंतर दोन्ही यंत्रं स्वतःच्याच हातात ठेवून दाखवली.

एकाच्या कडेला बटणं होती, दाबलं की पान उलटायचं. दुसऱ्याच्या काचेवर नुसतं बोट फिरवायचं. मी सवयीनं बोट जिभेला लावलं, तिनं मुकाट्यानं फडकं काढलं. बटणांकडे माझा कल तिथंच झाला. शिवाय दुसरं इतकं हलकं, की आत काही छापलेलं असेल यावर विश्वास बसेना. दोन्हींना ना खळ, ना पुठ्ठा. माझा धंदा बुडवणाऱ्या वस्तूंतून मी आवडीनिवडी करत होतो. दोन हजार पुस्तकं मावतात म्हणाली. मी म्हटलं, आमचा माणूस एका वेळी एकच वाचतो, तेही चहा सांडून.

मग तिला अक्षर मोठं करायला लावलं. अजून मोठं, अजून मोठं. काचवालं सोळा शब्दांवर अडलं. बटणवाल्याच्या पानावर अकराच शब्द उरले. तिनं विचारलं, काका, तुम्हाला इतकं कमी दिसतं? मी हो म्हटलं आणि तेच घेतलं.

आता खरं सांगतो. संक्रांतीला ‘छान आहे’ अशी चिठ्ठी लावून तू जे जाडजूड पुस्तक परत पाठवलंस, त्याची पाठ मी चिकटवली होती तशीच कडक होती. वाचलेलं पुस्तक हातात घेतलं की आपसूक उघडतं रे. ते तू एकदाही उघडलं नव्हतंस. डोळ्यांचं माझ्यापासून लपवलंस याचा आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. तुझ्याशिवाय पुस्तकांवर भांडायला मला कुणी नाही. रविवारी स्वारगेटहून पहिल्या बसनं यंत्र घेऊन येतोय. हे पत्र मुद्दाम जाड स्केचपेननं लिहिलंय, सुनेला वाचायला देऊ नकोस. पानं बावीस झाली, टपालात सुटतील म्हणून शिवली आहेत. सावकाश वाच, आणि रविवारी घरी नाही असं तिच्याकडून कळवू नकोस.

तुझाच,
करीम